मेजापलीकडची अक्षरे

हिम पडले तेव्हा जवाची कणसे दुधात होती. सकाळी एरिक्कीने बांधावर उभे राहून एक कणीस चुरडले, तर बोटांना नुसते पाणी लागले. त्याने बोटे विजारीला पुसली.

"कापून घ्यायचं," तो म्हणाला. "जे आहे ते."

"ह्यात काय आहे, मालक?" केर्तूने विचारले.

"भुसा आहे. यंदा भुसा दळायचा."

केर्तू त्याच्या घरची मोलकरीण. आईबाप तापात गेले तेव्हा चर्चने तिला ह्या घरी ठेवले होते. आता ती चोविशीची बाई झाली होती, खांद्याने रुंद. एरिक्कीची बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली होती. घरात त्याची सात वर्षांची मुलगी हेता आणि आई वाल्पुरी. वाल्पुरीचे पाय गेले होते. सकाळी तिला उचलून बाकावर बसवणे, दुपारी बाहेर नेणे, रात्री खाली घेणे, हे सगळे केर्तूच्या पाठीवर होते. म्हातारी हाडाने जड होती आणि उचलताना केर्तूच्या मानेला नखे रोवायची.

कापलेला जव वाळायला धुरखोलीत गेला. आत दगडांची भट्टी, धुराडे नाही, आणि वरच्या बल्ल्यांवर ओल्या पेंढ्या. भट्टी पेटली की धूर छतापासून खाली उतरत छातीपर्यंत येई आणि माणसे त्याच्याखाली वाकून काम करत. मग झोडपणे. एरिक्की आणि केर्तू समोरासमोर उभे राहून दांडकी मारत. एरिक्कीचे डोळे कायम लाल असत, पण त्या हिवाळ्याच्या तोंडावर तो दांडके दोनदा पेंढीच्या बाहेर मारून गेला. तिसऱ्यांदा ते केर्तूच्या नडगीवर बसले.

"सरकून उभी राहा की," तो म्हणाला.

ती जागची हलली नव्हती. त्याच्या उजव्या डोळ्यावर ताकासारखा पांढरा पडदा आल्याचे तिला तेव्हा दिसले.

ईसाक्की डांबराच्या भट्टीवर कामाला होता. हाताच्या रेघांत डांबर मुरलेले, बोलायला मोकळा. धान्य पाखडायला म्हणून तो एका दुपारी आला आणि एरिक्की बाहेर गेल्यावर सूप खाली ठेवून म्हणाला, "वरच्या तळ्याकाठची झोपडी मिळतेय. मोठ्या घरचे जमीनदार देतायत. जमीन दगडाची आहे, पण चूल चांगली आहे."

"मग घे."

"जोडप्याला देतायत. एकट्याला नाही."

केर्तू पाखडत राहिली.

"वाचता येतं ना तुला?" त्याने विचारले. "पाद्रीसाहेबांपुढे वाचलंस, तर प्रभुभोजनाला घेतील. प्रभुभोजन झालं की लग्न लावतील. त्याशिवाय नाही लावत, ठाऊक आहे ना?"

"येतं."

"खरंच?"

"तुझ्यापेक्षा बरं. तू प्रार्थना म्हणतोस तेव्हा अर्धी गिळतोस. देवाला ऐकू तरी येते का?"

ईसाक्की हसला. "मग इतकी वर्षं गेली का नाहीस परीक्षेला?"

गेली नाही, कारण दर हिवाळ्यात पाद्री गावात आला की एरिक्की तिला गाईंजवळ ठेवून जाई, आणि तिथे सांगे की पोरगी अजून तयार नाही. जिला चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस नाही तिला लग्न नाही, आणि जिला लग्न नाही ती गोठा सोडून कुठे जाते? हे गावात सगळ्यांना समजत होते. दुसऱ्याच्या गोठ्यात कोणी नाक खुपसत नव्हते.

"ह्या वर्षी जाते," ती म्हणाली.

घरात पुस्तक एकच होते. कातड्याच्या बांधणीचे, तुळईखालच्या फळीवर ठेवलेले. त्यात देवाचे वचन होते आणि मागे प्रश्नोत्तरे शिवलेली होती. संध्याकाळी जेवण झाले की एरिक्की ते काढी, मेजाच्या भिंतीकडच्या बाजूला बसे, हेताला शेजारी घेई आणि बोट ठेवून वाची. केर्तू मेजाच्या ह्या बाजूला लोकर पिंजत असे. बाकाच्या टोकाला वाल्पुरी उजेडासाठी लाकडाची जळती ढलपी धरून बसे, कारण पाय गेले तरी हात शाबूत होते. ढलपीची राख खाली पाण्याच्या घमेल्यात पडे.

लहानपणी एकदा केर्तूने फळीवरून पुस्तक काढले होते. हाताला माशाचे तेल होते. एरिक्कीने पळीच्या दांड्याने तिच्या बोटांच्या पेरांवर मारले आणि म्हणाला, "देवाचं वचन कानानं घ्यायचं. कान आहेत ना तुला?"

तेव्हापासून तिने पुस्तकाला हात लावला नाही. पण मेज अरुंद होते. एरिक्कीचे बोट जिथे फिरे तिथे तिचे डोळे फिरत. बोट तिच्या उजवीकडून निघे आणि डावीकडे जाई, खालच्या ओळीवरून वरच्या ओळीवर चढे. आवाज आणि खूण, आवाज आणि खूण, असे करत किती हिवाळे गेले कोण जाणे, पण एक दिवस त्याचे बोट पोचायच्या आधीच तिला शब्द कळला. पुढे कळतच गेले.

हे एकट्या वाल्पुरीला ठाऊक होते. केर्तूचे ओठ एरिक्कीच्या आवाजाच्या किंचित पुढे हलताना तिने पाहिले होते. त्यावर ती काही बोलली नव्हती, पण ढलपी मात्र मेजाच्या ह्या बाजूला कलती धरू लागली.

"आई, उजेड इकडे धर," एरिक्की म्हणे.

"हात दुखतो रे. एवढा राजासारखा बसलायस, थोडं कमी दिसलं तर काय बिघडतं?"

ह्या हिवाळ्यात त्याने उजेडाची तक्रार करणे सोडले. तो पान उलटी, बोट फिरवी, घडाघडा म्हणे. केर्तूने पाहिले की बोटाखाली एक आहे आणि तोंडात दुसरेच. कधी दोन पाने एकदम उलटली जात आणि तो तसाच पुढे जाई. त्याला पाठ होते तेवढेच तो वाचत होता. तिने लोकर पिंजत मान खाली ठेवली.

परीक्षेच्या आठवड्यात तिने विचारले, "मालक, एकदा पुस्तक हातात द्या. एक संध्याकाळ."

"हात बघ स्वतःचे."

"धुते."

"गाई कोण बघणार त्या दिवशी?"

"शेजारच्या म्हातारीला सांगितलंय. ती बघते म्हणाली."

"म्हणजे सगळं ठरवलंस."

"ठरवलंय."

"मग जा की. पुस्तक कशाला हवं? ऐकून ऐकून तयार झालीच असशील." तो उठला आणि फळी चाचपत त्याने पुस्तक आणखी आत सरकवले.

वाल्पुरी मोज्याचे टाके मोजत होती. केर्तूने तिच्याकडे पाहिले. म्हातारीने टाके पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.

परीक्षा मोठ्या घरी असे. केर्तूने वाल्पुरीला बर्फावरून घसरगाडीतून आणले आणि अंगणातून पाठीवर घेऊन आत नेले. दारात कोणी तरी म्हणाले, "घोडी आली, बसायला जागा करा." लोक हसले. वाल्पुरीही केर्तूच्या मानेवर हसली. तिचा गरम श्वास केर्तूच्या कानाला लागला.

आत माणसांची, ओल्या कातड्याची आणि शिजणाऱ्या वाटाण्यांची वाफ होती. पाद्रीसाहेब मेजाशी बसले होते, सर्दीने नाक लाल. शेजारी चर्चमधला गायकमास्तर, हातात काठी. तो काठीने माणूस दाखवी आणि माणूस उठून पुढे येई. आधी घरधनी, मग बायका, मुले, शेवटी गडीमाणसे.

एरिक्कीने पुस्तक घेतले, हाताच्या अंतरावर धरले आणि खणखणीत म्हटले. एका अक्षराला अडखळला नाही. पाद्रीसाहेबांचे लक्ष वाटाण्यांच्या भांड्याकडे होते. एरिक्कीने पान उलटले तेव्हा दोन उलटली गेली, हे बाकावरून केर्तूला दिसले. तिला वाटले, हे मी मनात ठेवीन, आणि माझी वेळ आली की तो माझ्यासाठी एक शब्द बोलेल.

"एरिक्की, तुमच्यासारखे दहा असते ह्या गावात," पाद्रीसाहेब म्हणाले, "तर मला एवढं थंडीत फिरावं लागलं नसतं."

काठी केर्तूकडे वळली तेव्हा बाहेर अंधारू लागले होते. गर्दीत मागे ईसाक्की टोपी हातात घेऊन उभा होता. पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडून तिच्या हातात दिले. तिने ते पाहिले. खुणा ओळखीच्या नव्हत्या, सगळ्या डोक्यावर उभ्या होत्या. तिला वाटले, साहेबांनी घाईत उलटे दिले. तिने पुस्तक फिरवले, नेहमी दिसते तसे धरले, खाली उजवीकडे बोट टेकवले आणि वाचू लागली.

आधी कोणी हसले नाही. मग हेताच्या वयाचे एक पोर म्हणाले, "पुस्तक उलटं धरलंय," आणि खोली फुटली.

"पाठ केलंय," गायकमास्तर म्हणाला. "कुठलं पान आहे ते तरी बघितलंस का, बाई?"

"वाचतेय मी."

"उलटं?"

"असंच असतं," केर्तू म्हणाली. तिचा चेहरा तापला होता. "आमच्याकडे असंच असतं."

पुन्हा हसे झाले. पाद्रीसाहेबांनी नाक पुसले, पुस्तक सरळ करून तिच्यापुढे ठेवले. "आता वाच."

ती पाहत राहिली.

"पहिलं अक्षर."

तिचे बोट पानावर हलले, पण कुठे टेकावे ते सापडेना.

"कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. मालकांच्या समोर बसून शिकले. मेजाच्या पलीकडून."

पाद्रीसाहेब थांबले. त्यांनी पुस्तक मिटले, मधूनच कुठेतरी उघडले आणि उलटे करून तिच्यापुढे धरले. "हे?"

केर्तूने वाचले. पूर्वी कधी न ऐकलेल्या नावांची वंशावळ होती. बोट उजवीकडून डावीकडे गेले, वरच्या ओळीवर चढले. एकही नाव चुकले नाही. पण आता कोणी हसत नव्हते. मागच्या बाकावरच्या बायकांनी मुले जवळ ओढली.

"हे जास्त वाईट," गायकमास्तर हळू म्हणाला. "वचन उलटं कोण वाचतं, साहेब? माझ्या आजीला चेटकिणी ठाऊक होत्या, तिनं सांगितलं असतं तुम्हाला."

दोघे शिकलेल्यांच्या स्वीडिश भाषेत बोलू लागले. केर्तूला त्यातले काही कळत नव्हते. ती एकदा ह्याच्या आणि एकदा त्याच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. तिच्या बगलेतून घाम ओघळत होता.

"एरिक्की," पाद्रीसाहेबांनी विचारले, "हिच्या हातात तुमच्या घरचं पुस्तक कधी आलं होतं का?"

एरिक्की उठून उभा राहिला. "कधीच नाही, साहेब." लहानपणची ती एक वेळ सोडली, तर त्यात शब्दही खोटा नव्हता.

"समोर बसून शिकली म्हणते."

"समोर बसते खरी. लोकर पिंजते. तिचं काय चाललेलं असतं, मी नाही बघत. मी पुस्तकात बघतो."

"मोठ्या आई," केर्तू म्हणाली. ती वाल्पुरीकडे वळली होती. "तुम्ही सांगा. तुम्हाला ठाऊक आहे."

सगळ्यांनी म्हातारीकडे पाहिले. वाल्पुरीने मोजा मांडीवर सपाट केला, टाचेपाशी बोटाने ओढून पाहिला. ही पोर वरच्या तळ्याकाठी गेली, तर हिवाळ्यात बाहेर कोण नेणार, हे तिने त्या खोलीत इतर कोणापेक्षा जास्त मोजले होते.

"मला म्हातारीला काय दिसतंय," ती म्हणाली. "मी उजेड धरते नुसता."

पाद्रीसाहेब क्रूर नव्हते. त्यांना ताप होता, आणि खोलीतल्या लोकांना घरी जाऊन झोपता यायला हवे होते. ते म्हणाले, "वचन ज्या बाजूनं दिलंय त्याच बाजूनं घ्यायचं असतं. पुढच्या वर्षी सरळ शिकून ये." मग गायकमास्तरकडे पाहून, "रविवारी खोड्यात."

चर्चच्या ओसरीतला खोडा स्वीडनच्या राजाच्या वेळचा होता. आता राज्य रशियाच्या झारचे होते, पण पायांची भोके तीच. रविवारी केर्तू त्यात बसली. लाकडावर बर्फाची साय होती, ती घोट्यांच्या उबेने वितळली आणि पुन्हा गोठली, आणि प्रत्येक हालचालीला कातडी थोडी थोडी लाकडाला राहत गेली. चर्चमध्ये जाणाऱ्यांना तिचे पाय ओलांडूनच जावे लागे. बायकांनी घागरे आवरून घेतले. एका पोराने बर्फाचा गोळा मारला, मग त्याच्या आईने त्याला मारले. एरिक्कीला पाय दिसले नाहीत. तो अडखळला, हेताने त्याचा हात धरला आणि तो म्हणाला, "कोण आहे?"

"केर्तू आहे, बाबा."

"हं," तो म्हणाला, आणि पाय उंच उचलून गेला.

ईसाक्की उशिरा आला. तो तिच्यापाशी थांबला, डांबराने काळी झालेली बोटे टोपीच्या कडेवरून फिरवत.

"झोपडी ईस्टरच्या आत घ्यायला हवी," तो म्हणाला.

"मग?"

"वर्षभर थांबणार नाहीत ते."

"तू?"

"मी एकटा काय करू तिथं, केर्तू?" मग तो म्हणाला, "तुला असं उलटं वाचायला कुणी सांगितलं होतं? पाठ तरी म्हणायचंस. सगळे पाठच म्हणतात."

तो आत गेला. ईस्टरच्या आधी त्याने कोळ्याच्या थोरल्या मुलीशी लग्न केले. तिला प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती.

वसंतात बर्फ सुटू लागले. तळ्यावर घसरगाडी जाईना आणि होडीही जाईना. अशा दिवसांत पलीकडचा पाद्री इकडे येत नाही, आणि इकडचे मेलेले माणूस बर्फ जाईपर्यंत धान्याच्या खोलीत थांबते. वाल्पुरीने अंथरूण धरले ते ह्याच दिवसांत. भुशाची भाकर तिच्या पोटात दगड होऊन बसली. केर्तू तिला पुसे, कूस बदले, पाठीवरची फुटलेली जागा लोण्याने माखे. ती हे नीट करी. तिच्या हाताला घाई नव्हती आणि तोंडात शब्द नव्हता.

"वाचा काहीतरी," वाल्पुरी म्हणाली. दुपार होती, पण काजळी धरलेल्या घरात ढलपी लावावी लागली होती. "ते वाच, एरिक्की. स्वर्गातल्या बापाच्या घरातल्या खोल्यांचं."

एरिक्कीने पुस्तक काढले. दोन्ही डोळे आता पांढरे होते. त्याने पान चाचपले, बोट ठेवले आणि म्हणाला, "पाचवी आज्ञा. खून करू नकोस. याचा अर्थ काय? आपण देवाला भ्यावं..."

"ते नको."

"सहावी आज्ञा."

"तुला दिसत नाही," म्हातारी म्हणाली. "मला कधीचं ठाऊक आहे. तिला दे."

एरिक्कीने पुस्तक मेजावरून पुढे सरकवले. पहिल्यांदाच. "केर्तू, वाच."

"मला वाचता येत नाही, मालक."

"वाच म्हटलं ना."

"पाद्रीसाहेबांनी सांगितलंय सगळ्यांसमोर. तुम्ही होता तिथं."

"पुढच्या वर्षी मी स्वतः सांगेन त्यांना. शपथेवर सांगेन की तुला येतं."

"ईसाक्कीलाही सांगाल?"

एरिक्की हात मेजावर उलटे पसरून म्हणाला, "माझी आई आहे ती."

"आहे ना," केर्तू म्हणाली. "मी रोज उचलते."

हेताने पुस्तक ओढून घेतले. ती अक्षरे जोडायला नुकती शिकत होती. बापाच्या जागी बसून, आजीने सांगितलेल्या कोपरा दुमडलेल्या पानावर तिने बोट ठेवले आणि एकेक अक्षर उच्चारू लागली. अक्षराला अक्षर लागेना. शब्द होत नव्हता. वाल्पुरीच्या घशात घरघर सुरू झाली होती. केर्तू अंथरुणाशी मेजाच्या ह्या बाजूला बसली होती, एक हात म्हातारीच्या मानेखाली, दुसऱ्या हातात ढलपी. तिच्या समोर पान उघडे होते, तिला नेहमी दिसे तसे. तिचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. वाल्पुरीने मान तिच्याकडे वळवली आणि डोळे तिच्या ओठांवर लावले. ती वाट पाहत होती. केर्तूच्या घशाशी पहिला शब्द आला, तोंड उघडले.

"मला नाही येत," हेता म्हणाली. "तू बघ ना, केर्तू." आणि बापाने शिकवले होते तसे, मोठ्या माणसाला द्यावे तसे, तिने पुस्तक व्यवस्थित फिरवून केर्तूकडे सरळ केले.

अक्षरे अनोळखी झाली. खांब, आकडे, फांद्या. केर्तूचे दोन्ही हात गुंतलेले होते. "फिरव," एवढेच म्हणायचे होते. हेताने लगेच फिरवले असते.

तिने तोंड मिटले.

"काय लिहिलंय?" एरिक्कीने विचारले. "केर्तू? काय लिहिलंय?"

वाल्पुरी अजून तिच्या ओठांकडे पाहत होती. मानेखालच्या हातावर म्हातारीचे डोके हळूहळू जड झाले. केर्तूने ढलपी घमेल्यात बुडवली, ती चुरचुरली, आणि ती म्हातारीला शेवटचे उचलायला उठली.